आज संध्याकाळपर्यंत राजीनामा पाठवा

“राजीनामा देऊ की नको?” गुरुग्राम, नोएडा किंवा दिल्लीत नोकरी करणारा माणूस छाटणीच्या दिवशी कुणा जाणत्याला फोन करतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न हाच असतो. भरपाई किती, कोर्टात जावं का, पीएफचं काय, हे प्रश्न दुसऱ्या दिवशी सुचतात. पहिल्या प्रश्नाला मात्र संध्याकाळची मुदत असते.

१. त्या पंधरा मिनिटांत

प्रसंग बहुतेक ठिकाणी सारखाच. सकाळी कॅलेंडरवर एक मीटिंग येते, विषय ‘क्विक कनेक्ट’. खोलीत साहेब असतात आणि शेजारी एचआरची बाई. साहेब दोन वाक्यं बोलून मोबाइलमध्ये डोकं घालतात. पुढचं सगळं एचआर बोलते : “सर, रिस्ट्रक्चरिंग हो रहा है. आप खुद रिज़ाइन कर दीजिए, रेकॉर्ड क्लीन रहेगा. नहीं तो टर्मिनेशन करना पड़ेगा.” राजीनाम्याचा मजकूर त्यांच्याकडे तयारच असतो, आपण फक्त ‘सेंड’ दाबायचं. लॅपटॉप आजच जमा.

या संभाषणात कंपनीला राजीनामा हवा आहे, यामागे कारण आहे. आणि ते कारण तुमचं रेकॉर्ड स्वच्छ राहावं हे नव्हे.

कामावरून कमी केलेल्या माणसाला भरपाई द्या, नोटीस द्या, सरकारला कळवा, हे सगळं कायदा मालकाला सांगतो, ते मालकाने नोकरी संपवली तर. माणूस आपण होऊन निघाला, तर कायद्याला बोलायला जागाच उरत नाही. राजीनाम्याच्या एका ईमेलने छाटणीची भरपाई जाते, परत बोलावलं जाण्याचा हक्क जातो आणि तक्रारीचा पायाही बराचसा ढासळतो. ‘दबाव आणून लिहून घेतला’ असं नंतर म्हणता येतं, पण ते सिद्ध करण्याचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं. राजीनाम्यावर ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहिलेलं असेल, तर ते ओझं फारच जड होतं.

म्हणून त्या दिवशी करायची गोष्ट एकच : सही नाही, ‘सेंड’ नाही. “मला विचार करायला वेळ हवा, जे असेल ते लेखी द्या,” एवढं बोलून उठायचं. त्याच दिवशी एचआरला साधं पत्र पाठवायचं : ‘आज दुपारच्या बैठकीत माझ्याकडे राजीनामा मागण्यात आला. राजीनामा देण्याची माझी इच्छा नाही. मला कामावरून कमी करायचं असल्यास कंपनीने तसं कारणासह लेखी कळवावं.’ चिडचिड नको, कलमं नकोत. तारीख आणि वेळ हवी. सही आधीच झाली असेल, तर ती कशी घेतली गेली हे त्याच दिवशी लेखी कळवा. महिनाभराने पाठवलेल्या पत्राला तेवढं वजन राहत नाही.

लॅपटॉप देण्याआधी नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, पगारवाढीची पत्रं आणि फॉर्म १६ आपल्याकडे आहेत ना ते पाहा. फक्त आपलीच कागदपत्रं घ्या. कंपनीच्या फायली स्वतःच्या मेलवर पाठवल्यात, तर छाटणीच्या जागी गैरवर्तनाचा आरोप लावायला तुम्हीच कारण दिल्यासारखं होईल.

२. छाटणी कशाला म्हणायचं

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. छाटणीचा विषय त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेत येतो. त्याआधी हे काम १९४७चा औद्योगिक विवाद कायदा करत होता. छाटणीचे मूळ नियम त्यात १९५३ साली घातले गेले आणि नव्या संहितेतही तो गाभा बराचसा तसाच आहे.

छाटणीची व्याख्या वाटते त्यापेक्षा रुंद आहे. मालकाने कुठल्याही कारणाने नोकरी संपवली की ती छाटणी. अपवाद मोजके : शिस्तभंगाची शिक्षा, स्वेच्छानिवृत्ती, निवृत्तीचं वय, कराराची मुदत संपणं. ‘कुठल्याही कारणाने’ हे शब्द खरोखरच तसे वाचायचे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली पंजाब लँड डेव्हलपमेंट महामंडळाच्या खटल्यात स्पष्ट केलं. याचा उपयोग आज कुठे होतो? ‘पीआयपी’त. काम सुधारण्यासाठी साठ दिवस दिले, सुधारलं नाही म्हणून काढलं, असं कंपनी म्हणते तेव्हा ती शिस्तभंगाची शिक्षा नसते. आरोपपत्र नाही, चौकशी नाही. मग उरते ती छाटणीच, आणि तिचे पैसे द्यावे लागतात.

बोलताना आपण सगळ्यालाच ‘ले-ऑफ’ म्हणतो. कायद्यात ले-ऑफ म्हणजे तात्पुरती बसवणूक : कच्चा माल नाही, वीज नाही, म्हणून काम बंद, पण नोकरी शाबूत. पात्र कामगाराला त्या काळात निम्मा पगार मिळतो. पत्रात नेमका कोणता शब्द वापरलाय ते म्हणूनच वाचायचं.

३. तुम्ही ‘कामगार’ आहात का?

इथे मराठी मध्यमवर्ग हमखास अडखळतो. “आम्ही कसले कामगार? माझ्या कार्डावर असिस्टंट मॅनेजर लिहिलंय.” कार्ड छापायला कंपनीला काही खर्च येत नाही. कायदा काम बघतो. हाताचं, कुशल-अकुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारा कामगार ठरतो. त्याला पगाराची वरची मर्यादा नाही. नव्या संहितेने विक्री प्रतिनिधी आणि पत्रकारही त्यात स्पष्टपणे घेतले आहेत. वगळले जातात ते व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय काम करणारे, तसंच महिना १८,००० रुपयांहून जास्त पगारावर देखरेखीचं काम करणारे.

मुंबईच्या सिबा गायगी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली हा प्रश्न सोडवला. तो लागला स्टेनोग्राफर-कम-अकाउंटंट म्हणून आणि पुढे बढती मिळून अधिकारी वर्गात गेला. कंपनी म्हणाली, हा कामगार नाही. न्यायालय म्हणालं, मुख्य काम काय ते सांगा. इकडची तिकडची चार देखरेखीची कामं जोडल्याने माणसाची जात बदलत नाही. तो कामगार ठरला.

तेव्हा स्वतःला विचारा : मी कुणाची रजा मंजूर करतो का? कुणाला नेमू किंवा काढू शकतो का? खर्चाला मंजुरी देतो का? दिवसभर कोड लिहिणारा, टेस्टिंग करणारा, बिलं तपासणारा माणूस यांतलं बहुतेक काहीच करत नाही.

आणखी एक अट आहे, सलग एका वर्षाच्या नोकरीची. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरले की वर्ष भरलं. त्यात पगारी रविवार आणि सुट्ट्याही धरतात.

४. जे.जे.मधल्या दोघी

छाटणीच्या कायद्याचा कणा ज्या खटल्याने ताठ केला तो मुंबईचा आहे. जे.जे. समूह रुग्णालयात वॉर्डात काम करणाऱ्या दोन बायकांना १९५०च्या दशकात कामावरून कमी केलं. त्यांच्या जागी नागरी पुरवठा खात्यातून कमी झालेली सरकारी माणसं बसवायची होती. म्हणजे एका खात्याची छाटणी दुसऱ्या खात्यातल्या गरिबांच्या गळ्यात. दोघींना भरपाई दिली नव्हती. हॉस्पिटल मजदूर सभेने त्यांची बाजू लढवली. मुंबई राज्याचं म्हणणं होतं की रुग्णालय हा उद्योगच नाही, आणि भरपाई राहिली म्हणून छाटणी काही रद्द होत नाही.

निकाल १९६० साली सर्वोच्च न्यायालयात लागला. तो लिहिणारे न्यायमूर्ती होते सातारचे प्र. बा. गजेंद्रगडकर. पुढे ते सरन्यायाधीश झाले आणि पहिल्या राष्ट्रीय कामगार आयोगाचे अध्यक्षही. राज्य सरकार हरलं. निकालाचा अर्थ सोपा होता : भरपाई ही छाटणीआधीची अट आहे. आधी पैसे, मग निरोप. पैसे न देता काढलं, तर ते काढणंच बेकायदा.

‘एफ अँड एफ (शेवटचा हिशोब) पंचेचाळीस दिवसांनी होईल’ असं एचआर सांगते तेव्हा या दोघी आठवाव्यात. कामगाराला काढताना एक महिन्याची लेखी नोटीस, कारणासह, किंवा नोटिशीऐवजी महिन्याचा पगार द्यावाच लागतो, सोबत भरपाई. उरलेल्या पगाराबाबत वेतन संहिता आणखी कडक आहे : माणसाला काढलं काय किंवा त्याने राजीनामा दिला काय, राहिलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायचं. हा नियम मॅनेजरलाही लागू आहे.

५. हिशोब

समजा, फरीदाबादच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करणारी बाई आहे. नोकरी ७ वर्षं ८ महिने. कायद्याच्या व्याख्येतलं वेतन महिना ३१,२०० रुपये. सहा महिन्यांहून जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तिची ८ वर्षं.

छाटणीची भरपाई दर वर्षाला १५ दिवसांचं सरासरी वेतन. अर्धा महिना म्हणजे १५,६०० रुपये, गुणिले ८ : १,२४,८०० रुपये.

ग्रॅच्युइटी यापेक्षा वेगळी आणि जास्तीची. तिचा महिना २६ दिवसांचा धरतात. ३१,२०० भागिले २६ म्हणजे दिवसाला १,२०० रुपये. १५ दिवसांचे १८,००० रुपये. गुणिले ८ : १,४४,००० रुपये. दोन्ही हिशोबांत ‘१५ दिवस’ असूनही आकडे वेगळे येतात, आणि कंपनीच्या तक्त्यात नेमकी इथेच चूक सापडते.

नोटिशीच्या बदल्यात महिन्याचे ३१,२०० रुपये. शिवाय नव्या संहितेने पुनर्कौशल्य निधी आणलाय. त्यात मालकाने १५ दिवसांचं वेतन भरायचं आणि ते छाटणीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचं : १५,६०० रुपये.

बेरीज ३,१५,६०० रुपये. उरलेल्या रजेचे पैसे आणि चालू महिन्याचा पगार याशिवाय. तिने राजीनामा दिला असता, तर यातली ग्रॅच्युइटी तेवढी हक्काची राहिली असती, कारण तिची पाच वर्षं भरली आहेत. मुदतीच्या करारावर असलेल्यांना आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळते.

वेतन म्हणजे सीटीसी नव्हे, पण निव्वळ बेसिकही नव्हे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनात धरायचा असं नव्या संहिता म्हणतात. बेसिक मुद्दाम बारीक ठेवून ग्रॅच्युइटी वाचवण्याची जुनी युक्ती त्यामुळे बोथट झाली आहे. तुमचा हिशोब जुन्या बेसिकवर केला असेल तर विचारा.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. कंपनी राजीनाम्याच्या बदल्यात चार-सहा महिन्यांचा पगार देऊ करत असेल आणि तुमची नोकरी दोन वर्षांचीच असेल, तर कायद्याची भरपाई त्यापुढे किरकोळ आहे. पैसे घ्या, पण आकडा, तारीख आणि अनुभवपत्राचा मजकूर लेखी आल्यावरच सही करा. कराचंही बघा : छाटणीची भरपाई ५ लाखांपर्यंत करमुक्त असते, राजीनाम्यासोबत खुशीने दिलेल्या रकमेवर मात्र साधारणपणे कर लागतो. ‘रेकॉर्ड’ची धास्ती असेल, तर ‘पद रद्द झाल्याने कमी केले, वर्तणुकीबद्दल तक्रार नाही’ असं छाटणीच्या पत्रात लिहून मागता येतं.

६. पाळी कुणाची

एका प्रकारचं काम करणाऱ्यांत जो शेवटी लागला त्याने आधी जायचं, हा नियम आहे. राजीव चौकात मेट्रोत शेवटी घुसलेला माणूस दाराशीच असतो, उतरवायची वेळ आली की आधी तोच. मालकाला हा क्रम मोडता येतो, पण कारण नोंदवून. दहा वर्षांच्या माणसाला काढून दोन वर्षांच्या स्वस्त माणसाला ठेवलं, तर ते कारण विचारण्यासारखं असतं. प्रसूती रजेवर असलेल्या बाईला त्या काळात काढणं तर सरळ बेकायदा.

मोठ्या कारखान्यांना, खाणींना आणि मळ्यांना छाटणीआधी सरकारची परवानगी लागते. किती मोठ्या? १९७६ साली, आणीबाणीत, ही रेषा ३०० कामगारांवर आखली. १९८२च्या दुरुस्तीने ती १०० वर आणली. नव्या संहितेने पुन्हा ३०० वर नेली. आयटी कंपनीत पाच हजार माणसं असली तरी ती कारखाना नाही, त्यामुळे हा अडसर तिच्या वाटेत येत नाही.

७. दिल्लीतले १६८ कारखाने

ज्यांना छाटणी ही आयटीवाल्यांची नवी व्यथा वाटते, त्यांनी दिल्लीचं १९९६ साल पाहावं. ८ जुलै १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या प्रदूषणाच्या याचिकेत दिल्लीतले १६८ कारखाने ३० नोव्हेंबरपर्यंत बंद करण्याचा आदेश दिला. मालकाने राजधानीबाहेर जावं, नाहीतर टाळं लावावं. मुंबईचं गिरणगाव १९८२च्या संपानंतर हळूहळू विझलं. दिल्लीच्या कारखान्यांना तारीख ठरवून दिली होती.

न्यायालयाने कामगारांचा विचार केला होता. कारखाना दुसरीकडे गेला, तर नोकरी सलग धरायची, मधल्या काळाचा पगार द्यायचा आणि वर एक वर्षाचा पगार स्थलांतराचा बोनस. कारखाना कायमचा बंद झाला, तर छाटणीची नेहमीची भरपाई आणि शिवाय एक वर्षाचा पगार. डिसेंबरात न्यायालयाने हे एक वर्ष वाढवून सहा वर्षं केलं. कागदावर इतकी घसघशीत भरपाई या देशात क्वचितच कुणाला मिळाली असेल.

पण त्याचाच परिणाम म्हणजे ‘बंद’ आणि ‘स्थलांतर’ या दोन शब्दांमध्ये पाच वर्षांच्या पगाराचं अंतर पडलं. मालकाने स्थलांतर निवडणं स्वस्त झालं. कमलानगरची बिर्ला टेक्स्टाईल हिमाचलातल्या बद्दीला गेली. दिल्लीत झोपडी, रेशनकार्ड आणि मुलांची शाळा असलेल्या कामगाराने तिकडे जायचं की नोकरी सोडायची? शिवाय भरपाईसाठी एका वर्षाची सलग नोकरी दाखवायची होती. मस्टरवर नावच नसलेल्याला ती कशी दाखवता येणार?

मस्टरचा हा प्रश्न आजही तसाच आहे. मानेसरच्या होंडा कारखान्यात नोव्हेंबर २०१९मध्ये मोठं आंदोलन झालं, ते ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांना कमी केल्यावरून. वर्षानुवर्षं त्याच असेंब्ली लाइनवर उभं राहिलं तरी कागदावर मालक असतो ठेकेदार. थकलेला पगार मूळ कंपनीकडून मागता येतो, नोकरीवरचा हक्क मात्र ठेकेदारापाशी अडतो. अशांनी गेटपास, ईएसआय कार्ड आणि पीएफचं पासबुक जपून ठेवावं. पुरावा असतो तो तेवढाच.

८. खरोखरच मॅनेजर असाल तर

मग छाटणीची कायदेशीर भरपाई नाही. तुमचा आधार म्हणजे नेमणूकपत्रातला नोटीस-काळ. त्यापलीकडे दिल्लीच्या १९५४च्या आणि हरियाणात लागू असलेल्या १९५८च्या दुकाने व आस्थापना कायद्यांत तीन महिने नोकरी झालेल्याला महिन्याची नोटीस दिलेली आहे. न्यायालय मॅनेजरला सहसा परत कामावर बसवत नाही, नुकसानभरपाई देतं, आणि तीही बहुतेकदा नोटीस-काळाच्या पगाराएवढीच. म्हणून मॅनेजराने कोर्टाच्या पायरीपेक्षा वाटाघाटीच्या टेबलावर जास्त जोर लावावा. ग्रॅच्युइटी आणि दोन दिवसांत पगार हे हक्क त्यालाही आहेत. कंपनीच्या गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची चौकशी शेवटच्या दिवसाआधी करावी. घरात म्हातारे आईवडील असतील, तर महिनाभराच्या पगारापेक्षा ही गोष्ट महाग पडू शकते.

९. दाद कुठे

नोकरी गुरुग्रामला, घर द्वारकेला, कंपनीचं मुख्य कार्यालय बंगळुरूला. तक्रार कुठे? साधारण नियम असा, की जिथे काम करत होता तिथे. सायबर सिटीत बसत होता तर हरियाणाचं कामगार खातं, नोएडाच्या सेक्टर ६२मध्ये तर उत्तर प्रदेशचं, ओखल्यात तर दिल्लीचं. एनसीआर हा एकच प्रदेश वाटतो, पण मेट्रोच्या एका तिकिटात तुम्ही तीन सरकारांच्या हद्दीतून जाता. बँका, विमा, विमानतळ यांसारख्या ठिकाणी केंद्र सरकारचे कामगार अधिकारी असतात.

पहिली पायरी म्हणजे समेट अधिकारी. एकट्या माणसालाही अर्ज करता येतो, युनियन लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत. समेट झाला नाही, तर अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायचं. तिथे वेळ लागतो, वर्षंही लागतात. तरी समेटाच्या टप्प्यावर बऱ्याच कंपन्या नरमतात, कारण सरकारी कार्यालयात वकील आणि अधिकारी पाठवत राहणं त्यांनाही नको असतं.

पैशाअभावी मागे फिरू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार औद्योगिक कामगाराला आणि कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. पगार २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या ईएसआय सदस्याला अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेतून ९० दिवसांपर्यंत सरासरी कमाईच्या निम्मा भत्ता मिळू शकतो. तो मालकाच्या नव्हे, स्वतःच्या अर्जावर मिळतो.

१०. परत बोलावणं

छाटणी झाल्यापासून एका वर्षात त्याच मालकाने भरती काढली, तर कमी केलेल्या कामगाराला आधी संधी द्यायची आणि बाहेरच्यापेक्षा त्याला प्राधान्य द्यायचं, असं संहिता सांगते. राजीनामा दिलेल्याला हा हक्क नाही. ‘पदच रद्द झालं’ म्हणून काढलेल्या जागेसाठी चार महिन्यांत नोकरीच्या पोर्टलवर तीच जाहिरात, तेच काम, फक्त पदाचं नाव बदललेलं, असं दिसलं, तर तारखेसह तिचा स्क्रीनशॉट काढा आणि एचआरला लेखी अर्ज करा. घर बदललं असेल, तर नवा पत्ताही त्यांना कळवून ठेवा. बोलावण्याचं पत्र जुन्या पत्त्यावर पाठवलं होतं, असं त्यांना म्हणता येऊ नये.